‘तोच’ आणि ‘तसाच’ : संगणकीय तुलना, विसंकेतन आणि नोंदींचे नीतिशास्त्र

‘हा तोच कागद आहे’ आणि ‘हा तसाच कागद आहे’ या दोन वाक्यांतील अंतर मराठी भाषक सहज ओळखतो. पहिल्या वाक्यात एकाच वस्तूचा दुसऱ्यांदा निर्देश आहे. दुसऱ्यात दोन वस्तू असून त्यांच्यातील साम्याचे विधान आहे. तादात्म्य आणि सादृश्य या संज्ञांनी दर्शनशास्त्रात जो भेद केला जातो तो मराठीने एका ‘स’च्या आधारे व्यवहारात आणून ठेवला आहे. मात्र भेद भाषेत उपलब्ध असणे वेगळे आणि प्रत्येक प्रसंगी तो कोणत्या निकषावर करावा हे ठाऊक असणे वेगळे. हा निकष बहुधा अव्यक्त राहतो. तो शब्दांत मांडण्याची सक्ती आजच्या काळात कोणावर होत असेल तर ती महाजालासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या प्रोग्रामरवर होते, आणि त्याच्या दैनंदिन अडचणींपैकी दोन अडचणी म्हणूनच साहित्यविचाराच्या अभ्यासकाला परक्या वाटू नयेत. दिसायला तंतोतंत सारख्या असलेल्या दोन वस्तू यंत्राने ‘असमान’ ठरवणे ही त्यांतील पहिली. साठवलेला मजकूर परत वाचताना त्याचे निरर्थक चिन्हांत रूपांतर होणे ही दुसरी. पहिली तुलनेची चूक, दुसरी विसंकेतनाची. या दोन्ही चुका तांत्रिक मानल्या जातात. त्यांच्या पोटात एक नैतिक प्रश्न आहे, तो असा : समानतेचा निकष कोणी ठरवायचा, आणि तो चुकला तर सिद्धतेचा भार कोणी वाहायचा?

या प्रश्नाची चर्चा येथे रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांच्या आधाराने केली आहे. निवडीला कारण आहे. या डोंगराळ पट्ट्यातील कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला, एके काळी गिरण्यांत, कामासाठी गेली. जमीन गावी आणि माणूस मुंबईत अशा स्थितीत एकाच माणसाचे नाव अनेक दप्तरांत, अनेक हातांनी आणि अनेक लिप्यांत लिहिले गेले : पणजोबाचे मोडीत, आजोबाचे बाळबोधीत, नातवाचे रोमन लिपीत. जिल्ह्याचे नावही बदलले. १९८१ पर्यंतच्या कागदांवर ‘जिल्हा कुलाबा’ आहे, त्यानंतरच्या कागदांवर ‘जिल्हा रायगड’. दोन नावे, एक निर्देश्य. गोटलोब फ्रेगेने १८९२ मध्ये शुक्राच्या दोन नावांच्या आधारे अर्थ आणि निर्देश यांचा जो भेद मांडला त्याचे उदाहरण महाडच्या कोणत्याही जुन्या पेटीत सापडावे. शिवाय मुंबईतही एक कुलाबा आहे. त्यामुळे उलट दिशेचा घोटाळा, म्हणजे एक नाव आणि दोन निर्देश्ये, हाही तेथेच उपस्थित आहे.

प्रथम तुलनेचा प्रश्न. जावास्क्रिप्ट या भाषेत दोन ‘ऑब्जेक्ट’ घडवले, दोहोंत गावाचे नाव ‘पोलादपूर’ आणि तालुक्याचे नाव ‘पोलादपूर’ अशी एकसारखी माहिती भरली आणि ते समान आहेत काय असे विचारले, तर उत्तर ‘नाही’ असे येते. नवशिक्याला हे उत्तर विपरीत वाटते आणि तो चूक शोधू लागतो. चूक कोठेच नसते. यंत्राला जो प्रश्न विचारला गेला तो ‘हे तसेच आहे काय?’ असा नव्हता. ‘हे तेच आहे काय?’ असा होता. स्मृतीतील दोन स्वतंत्र ठिकाणी वसलेल्या दोन वस्तू, त्यांतील मजकूर कितीही सारखा असला तरी, ‘तीच’ ठरत नाहीत. पीएचपी या भाषेने दोन वेगळी तुलनाचिन्हे ठेवली आहेत : दोन बरोबरचिन्हांनी एकाच वर्गातील दोन वस्तूंच्या गुणधर्मांची तुलना होते, तीन बरोबरचिन्हांनी ती एकच वस्तू आहे काय हे पाहिले जाते. जावा या भाषेत ‘तसेच’ म्हणजे काय हे प्रत्येक वर्गासाठी लिहिणाऱ्यानेच ठरवायचे असते. त्याने काही ठरवले नाही तर यंत्र ‘तेच’चा निकष लावून मोकळे होते. म्हणजे समानता ही वस्तूंत आधीच असलेली आणि यंत्राने केवळ शोधून काढायची गोष्ट नाही. कोणते गुणधर्म पाहायचे आणि कोणते सोडून द्यायचे याचा निर्णय तुलनेच्या आधी झालेला असतो, आणि तो कोणीतरी घेतलेला असतो.

भारतीय परंपरेत हा वाद प्रत्यभिज्ञेच्या निमित्ताने झाला. ‘तो हा देवदत्त’ या प्रतीतीत पूर्वी पाहिलेला आणि आता समोर असलेला एकच आहे असे ज्ञान होते. नैयायिकांनी या ज्ञानाला वस्तूच्या स्थैर्याचा पुरावा मानले. बौद्धांचा आक्षेप असा की कापलेले केस आणि नखे पुन्हा वाढल्यावरही ‘हीच ती’ असे वाटते, दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही ‘तीच ज्योत’ असे आपण म्हणतो. तेव्हा प्रत्यभिज्ञा ही सादृश्यावर लादलेली एकता आहे. उदयनाचार्यांनी ‘आत्मतत्त्वविवेका’त या क्षणभंगवादाचे विस्तृत खंडन केले. आज त्या वादाकडे पाहताना एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही पक्षांनी ओळखणारा ज्ञाता गृहीत धरला होता. वाद त्याच्या ओळखण्याच्या प्रामाण्याचा होता. ज्ञाताच नसलेली तुलना, म्हणजे कोणालाही काहीही ‘आठवत’ नसताना केवळ दोन संकेतमालिका शेजारी ठेवून दिलेला निर्णय, हा प्रकार त्या वादाच्या कक्षेत नव्हता. यंत्राची तुलना अशी आहे. तिच्यात प्रत्यभिज्ञा नाही. म्हणून बौद्धाला ती जवळची वाटेल असे वरवर भासते. परंतु बौद्धाला सादृश्याचे भान होते, यंत्राला तेही नाही.

हे ‘पोलादपूर’ या नावातच पाहता येते. साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांनुसार ग्रामनामाला जोडलेला ‘पूर’ दीर्घ लिहावयाचा. हिंदीत हाच शब्द ऱ्हस्व उकाराने ‘पुर’ असा लिहिला जातो. म्हणून मराठी दप्तरातील ‘पोलादपूर’ आणि हिंदी दप्तरातील ‘पोलादपुर’ या एकाच गावाच्या दोन नोंदी यंत्राच्या लेखी भिन्न ठरतात. मोडी कागदात हा प्रश्न उद्भवतच नव्हता, कारण मोडी लेखनात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सामान्यतः पाळला जात नसे. मोडी वाचून बाळबोधीत उतरवणारा मनुष्य जेव्हा उकार ऱ्हस्व करतो किंवा दीर्घ करतो तेव्हा तो मूळ कागदात नसलेला एक निर्णय घेत असतो. पुढे यंत्र त्या निर्णयाला मूळ कागदाचाच गुणधर्म समजते. उमरठ या पोलादपूर तालुक्यातील गावाशी तानाजी मालुसरे यांचे नाव निगडित आहे. ते आडनाव ‘मालुसरे’ असेही लिहिलेले आढळते आणि ‘मालूसरे’ असेही. मोडी वाचणाऱ्याच्या दृष्टीने ही एकच नोंद आहे. यंत्राच्या दृष्टीने दोन घराणी.

मग ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्यावे असा नियमच यंत्राला का घालून देऊ नये? घालता येतो. पण मग ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ यांतील भेदही जातो. ग्रामनामांच्या यादीत जो नियम उपकारक तो शब्दकोशात अपकारक. एका कामासाठी केलेली समानतेची व्याख्या दुसऱ्या कामाला पुरत नाही, आणि सर्व कामांना पुरेल अशी व्याख्या संभवत नाही.

येथवर निदान डोळ्यांना फरक दिसत होता. यापुढची अडचण अशी की डोळ्यांना काहीही फरक दिसत नाही. पोलादपूरच्या दऱ्यांचेच उदाहरण घ्यावे. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन, भेद आहे तो रफाराचा आणि चंद्रकोरीसारख्या अर्ध्या ‘र’चा. हा अर्धा ‘र’ युनिकोड या संकेतप्रणालीत दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्ताचे चिन्ह आणि ‘य’ असा क्रम असतो. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त, त्यानंतर ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचे एक अदृश्य, रुंदी नसलेले सांधणारे चिन्ह आणि मग ‘य’. पडद्यावर आणि छापील कागदावर दोहोंचे रूप एकच. पहिल्या लेखनात ‘दऱ्या’ हा शब्द पाच संकेतांकांचा होतो, दुसऱ्यात सहा. यंत्राला विचारले तर हे दोन शब्द असमान आहेत. युनिकोडमध्ये अशा पर्यायी लेखनांचे एकरूपीकरण करण्याची व्यवस्था आहे, आणि ‘र’ला खाली नुक्ता देऊन केलेला ‘ऱ’ व स्वतंत्र ‘ऱ’ यांना ती एक मानते. परंतु अदृश्य सांध्याने केलेले लेखन या एकरूपीकरणात येत नाही. याहून गमतीचा भाग पुढे आहे. अनेक आज्ञावल्या आलेला मजकूर ‘स्वच्छ’ करताना अदृश्य चिन्हे काढून टाकतात. सांधा निघाला की उरतो तो साधा रफार. दऱ्यांचा दर्या होतो आणि सह्याद्रीच्या कुशीतील तालुक्यात समुद्र येतो. ‘ॲ’ या अक्षराचीही हीच कथा. ते स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाले. त्याआधी ‘अ’ आणि वरचा चंद्र यांच्या जोडणीने ते साधले जात असे. त्यामुळे त्यापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदींत ‘ॲडव्होकेट’ हा शब्द एकसारखा दिसूनही दोन निरनिराळे शब्द म्हणून नांदतो.

साहित्यसिद्धान्ताच्या दृष्टीने हे उदाहरण किरकोळ नाही. नेल्सन गुडमनने ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’ (१९६८) या ग्रंथात साहित्यकृतीच्या अनन्यतेचा निकष वर्णलेखनाच्या एकतेत शोधला. चित्राची हुबेहूब प्रतिकृती ही ते चित्र नसते. कवितेची शुद्ध प्रत मात्र ती कविताच असते, कारण दोहोंतील अक्षरक्रम एकच असतो. या मांडणीत अक्षर म्हणजे परस्परांऐवजी चालू शकणाऱ्या खुणांचा वर्ग, आणि कोणती खूण कोणत्या वर्गात पडते याविषयी संदिग्धता नसते असे गृहीत आहे. दोन ‘दऱ्या’ या गृहीतापुढे अडचण उभी करतात. वाचकाच्या निकषाने त्यांचा अक्षरक्रम एक आहे, यंत्राच्या निकषाने दोन. मग एकाच कादंबरीच्या दोन संगणकीय प्रती, ज्या शेवटच्या स्वल्पविरामापर्यंत सारख्या छापल्या जातात, त्या एकच कृती की दोन? व्यवहारबुद्धी ‘एकच’ असे म्हणेल आणि ते योग्यही आहे. परंतु तसे म्हणताना अक्षर कशाला म्हणायचे याचा निर्णय वाचणाऱ्या समाजाच्या पदरात टाकला जातो, लिपीच्या अंगभूत रचनेत तो सापडत नाही. गुडमनचा निकष त्यामुळे कोसळत नाही, मात्र तो ज्या जमिनीवर उभा आहे ती संकेताची जमीन उघडी पडते.

आता दुसरी अडचण, विसंकेतनाची. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक संकेतांक तीन बाइटांत साठवला जातो. ‘महाड’ या शब्दात चार संकेतांक आहेत, म्हणजे बारा बाइट. ‘पोलादपूर’मध्ये आठ, म्हणजे चोवीस. हे बाइट स्वतः काहीच सांगत नाहीत. त्यांना कोणत्या पद्धतीने वाचावयाचे हे वाचणाऱ्याला बाहेरून कळावे लागते. ते न कळता पश्चिम युरोपीय भाषांसाठीच्या एकबाइटी पद्धतीने ते वाचले गेले, तर ‘महाड’च्या चार संकेतांकांऐवजी बारा चिन्हांची एक निरर्थक रांग दिसते, आणि तिच्यात दर तिसऱ्या ठिकाणी माथ्यावर तिरकी रेघ असलेला लॅटिन ‘ए’ येतो, कारण देवनागरीच्या प्रत्येक संकेतांकाचा पहिला बाइट एकच आहे.

या विद्रूप मजकुराकडे प्रोग्रामर कसे पाहतो? तो तो पुसून टाकत नाही, वाचतो. तिरक्या रेघेच्या ‘ए’ची पुनरावृत्ती दिसली की मूळ मजकूर यूटीएफ-८ मधील देवनागरी होता आणि मध्ये कोणीतरी तो एकबाइटी समजून वाचला, हे त्याला कळते. त्या निरर्थक रांगेचीच पुन्हा साठवण झाली असेल तर प्रत्येक चिन्ह दोन बाइटांचे होऊन मूळ तीन बाइटांचे सहा झालेले दिसतात, आणि चूक एकदा नव्हे तर दोनदा झाली हेही उमगते. १९९० च्या दशकात प्रचलित असलेल्या अनेक फॉन्टांत तर देवनागरी केवळ डोळ्यांपुरती होती. आत साठत होते ते लॅटिन संकेतांकच, आणि फॉन्ट नाहीसा झाला की मराठीही नाहीशी होई. त्या मजकुराचीही विद्रूपता वेगळ्या जातीची, आणि जाणकाराला ती पाहून मूळ फॉन्टचा तर्क करता येतो. चूक ही स्वतःच्या प्रवासाची खूण बाळगते हे पाठचिकित्सेचे जुनेच तत्त्व आहे. दोन पोथ्यांत एकच विशिष्ट अपपाठ आढळला तर त्या एका पूर्वज पोथीतून उतरल्या असे अनुमान केले जाते; शुद्ध पाठाच्या साम्यावरून असे अनुमान निघत नाही. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामात विष्णु सीताराम सुकथनकर यांनी हस्तलिखितांची परंपरा उलगडली ती अशाच भेदांच्या आणि साम्यांच्या आधारे. पाठसंशोधक आणि प्रोग्रामर या दोघांनाही चुकीविषयी एक प्रकारचा आदर बाळगावा लागतो. जो ती घाईने दुरुस्त करतो तो पुरावा नष्ट करतो.

सर्वच चुका मात्र अशा वाचनीय नसतात. विंडोज-१२५२ या एकबाइटी पद्धतीत पाच जागा रिकाम्या आहेत. त्यांना कोणतेही चिन्ह नेमून दिलेले नाही. देवनागरीच्या संकेतांकांचे शेवटचे बाइट त्यांच्यावर पडताळून पाहिले तर हलन्ताचे चिन्ह, ऱ्हस्व उकार, ‘ए’, ‘ऐ’ आणि ‘झ’ ही त्या रिकाम्या जागांवर येतात. दीर्घ ऊकार शेजारच्याच जागेवर येतो, आणि ती जागा भरलेली आहे. म्हणून कडक नियमाने झालेल्या अशा चुकीच्या वाचनातून ‘पोलादपूर’ सावरून परत आणता येते. ‘पोलादपुर’ येत नाही. ‘मालुसरे’ जाते, ‘मालूसरे’ राहते. ज्या रिकाम्या जागेवर वाचणारी आज्ञावली प्रश्नचिन्ह किंवा बदली चिन्ह टाकते तेथे मूळ बाइट कायमचा गेलेला असतो. पहिल्या प्रकारात वाचन चुकले आहे, लेखन शाबूत आहे. दुसऱ्यात लेखनच उरलेले नाही. पडद्यावर दोन्ही सारखेच कुरूप दिसतात, आणि म्हणून या दोहोंतील फरक न करणारा दुरुस्तीकार धोकादायक असतो.

विसंकेतनाच्या चुकीचा तिसरा प्रकार सर्वांत शांत, आणि नैतिकदृष्ट्या सर्वांत गंभीर आहे. महाजालावर एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे माहिती जाते ती बहुधा जेसॉन या रूपात. ते रूप उलगडणारी पीएचपीमधील आज्ञा, मजकूर बिघडलेला असल्यास, मुळात ‘नल’ म्हणजे ‘काही नाही’ असे उत्तर देते. आणि मजकूर नीट असून त्यात खरोखरच ‘नल’ लिहिलेले असेल तरीही तेच उत्तर देते. ‘वाचता आले नाही’ आणि ‘तेथे काही नव्हते’ या दोन सर्वथा भिन्न स्थितींना एकच उत्तर. चूक झाली काय हे वेगळे विचारण्याची सोय होती, पण ती विचारणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली होती. चूक होताच थांबून तसे सांगण्याची सोय २०१८ मध्ये आली, आणि तीही मागितली तरच मिळते.

भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानले, परंतु सरसकट नव्हे. जमिनीवर घट दिसत नाही एवढ्यावरून घटाचा अभाव सिद्ध होत नाही. घट असता तर तो दिसलाच असता, प्रकाश होता, दृष्टी निर्दोष होती, अशी योग्यता असल्यासच न दिसणे हे नसण्याचे प्रमाण ठरते. हीच योग्यानुपलब्धी. काळोख्या खोलीत घट न दिसणे हे घटाविषयी काहीच सांगत नाही. बिघडलेला मजकूर उलगडून मिळालेले ‘नल’ हे काळोख्या खोलीतील न दिसणे आहे. त्याच्या आधारे पडद्यावर ‘नोंद नाही’ असे उमटते, आणि पडद्यापलीकडचा मनुष्य ते वाक्य खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला ऐकवतो. ‘नोंद सापडत नाही’ आणि ‘नोंद नाही’ यांतील फरक दोघांनाही ठाऊक असतो; यंत्राने तो आधीच पुसलेला असतो.

न सापडण्यावरून नसण्याकडे जाणे सर्वथा निषिद्ध आहे असे मात्र म्हणता येत नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. काही दिवसांच्या शोधानंतर काम थांबवावे लागले, आणि जे सापडले नाहीत त्यांना मृत मानण्याचा निर्णय झाला. एरवी कायदा अशा अनुमानासाठी सात वर्षांची वाट पाहावयास सांगतो. येथे ती पाहिली गेली नाही, आणि मागे राहिलेल्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण या निर्णयामागे ज्ञाते होते : डोंगर उतरून आलेला पाहिलेले, घरांत कोण होते हे जाणणारे, आणि निर्णयाखाली नाव घालून उत्तरदायी होणारे. न सापडण्याचा अर्थ मृत्यू असा करण्याची योग्यता तेथे तपासली गेली होती. यंत्रातील ‘नल’ला असा कोणी वाली नसतो, एका अनुमानाचा कर्ताच त्यात बेपत्ता असतो.

तुलनेचा अधिकार ज्ञात्याकडे परत देण्याचा एक प्रयोग महाराष्ट्रात झाला, त्याची समीक्षेने दखल घ्यावी. हस्तलिखित सातबारा उताऱ्यांचे संगणकीकरण झाल्यावर दोहोंत तफावती आढळल्या, आणि २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घेण्यात आली. संगणकातील उतारा गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचायचा आणि ज्याचा तो त्याने ऐकून आक्षेप घ्यायचा. वरवर पाहता हा यंत्रयुगातील मागासलेला प्रकार. परंतु यात घडते ते असे : लिपी, फॉन्ट, अदृश्य सांधा, ऱ्हस्व-दीर्घ हे सगळे उच्चारात गळून पडते आणि उरते ते नाव. ऐकणारा ‘हे आमचेच’ असे म्हणतो. ही प्रत्यभिज्ञा आहे, तीही साक्षीदारांसमोरची. ‘मालुसरे’ आणि ‘मालूसरे’ यांतील फरक कानाला जाणवत नाही, आणि येथे तो न जाणवणे हाच गुण आहे. उलट, एकाच वाडीतील एकाच नावाचे दोन शेतकरी, ज्यांना यंत्र एक मानते, ते चावडीवर दोन माणसे म्हणून उभे राहतात. अर्थात जो मुंबईत आहे तो चावडीवर नसतो. ज्याची जमीन असून जो तेथे ऐकावयास नाही त्याच्यासाठी हे वाचन झालेच नाही; आणि महाड-पोलादपूरच्या वाड्यांत असे न ऐकणारे थोडे नाहीत. शिवाय चावडीवर कोणाचा आवाज चढतो आणि कोणाचा दबतो हा प्रश्न राहतोच.

हा शेवटचा प्रश्न महाडने फार पूर्वी, आणि फार मोठ्या प्रमाणावर, विचारला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांच्या पुढाकाराने १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात झाला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तुलनेचा निकष ठरला होता : नगरवासी तो नगरवासी. व्यवहारात मात्र पाहिला जात होता तो दुसराच गुणधर्म. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या सत्याग्रहाने या दोन निकषांतील अंतर उघड केले. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, तळे खासगी असल्याचा आणि वहिवाटीचा दावा न्यायालयात गेला, आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अनादिकालापासूनची वहिवाट सिद्ध होत नसल्याचा निर्णय दिला. येथे लक्षात घ्यावयाचे ते असे की अनादि वहिवाटीचा दावा हाही ‘तोच’चा दावा असतो : आजची प्रथा ती पूर्वीचीच प्रथा. तो करणाऱ्यांवर तो सिद्ध करण्याची जबाबदारी आली आणि ती त्यांना पेलली नाही. समतेची मागणी करणाऱ्यांनी आम्ही तुमच्यासारखेच आहोत, हे सिद्ध करतो, असे म्हटले नव्हते. तुलनेत कोणता गुणधर्म धरावा हे ठरवण्याचा तुमचा एकाधिकार आम्हांस मान्य नाही, असे ते म्हणणे होते. सामाजिक विषमतेची दाहकता आणि संगणकातील बरोबरचिन्ह यांची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. ती अनुचित होईल. परंतु समतेचा प्रश्न हा निकषाच्या मालकीचा प्रश्न असतो हे या भूमीने एकदा दाखवून दिले असताना आज्ञावलीतील निकषाला केवळ तांत्रिक म्हणून सोडून देणे कठीण जावे.

सिद्धतेचा भार आज बहुधा उलट दिशेने जातो. नोंदीतील लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ मध्ये आहे, आणि संगणकीकृत उताऱ्यांतील चुकांसाठी तिचा आधार घेतला जातो. निरनिराळ्या कागदांवर नाव निरनिराळे आले तर ‘वरील दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत’ असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. संगणकीय अंकगणितात ‘अंक नव्हे’ अशा अर्थाचे एक मूल्य आहे, जे प्रमाणित नियमानुसार स्वतःशीही समान ठरत नाही. तादात्म्याचा नियम ज्याला लागू नाही असे यंत्रातील हे विरळ मूल्य. परंतु त्याला निदान शपथ घ्यावी लागत नाही. माणसाला घ्यावी लागते. ज्या निकषाने त्याला दोन ठरवले तो निकष कोणी लिहिला, ऱ्हस्व उकार कोणत्या हाताने पडला, अदृश्य सांधा कोणत्या आज्ञावलीने काढला, याविषयी प्रतिज्ञापत्रात रकाना नसतो. महाडच्या न्यायालयाबाहेर टंकलेखक ते प्रतिज्ञापत्र संगणकावर तयार करतो. त्यात दोन्ही नावे एकामागोमाग एक लिहायची असतात, आणि दोहोंतील फरक जर केवळ अदृश्य चिन्हाचा असेल, तर छापून आलेल्या कागदावर एकच नाव दोनदा आलेले दिसते.